आधी वय सांगा

मागच्या अंकात वाढत्या वयातल्या विसराळूपणावर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न एकच होता: आमच्या घरात अल्झायमर आहे, मग मलाही होणार का? उत्तरांकडे वळण्याआधी एक तक्रार करून घेते. आजारी माणसाशी नातं काय, आजार किती वर्षं चालला, औषधं कोणती, सगळं लोकांनी मिलिग्रॅमसकट लिहिलंय. पण विसर पडायला लागला तेव्हा त्या माणसाचं वय काय होतं, हे क्वचितच कुणी लिहिलं. मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याच आकड्याचा. पुढची पत्रं निवडली ती त्यांत वय दिलं होतं, किंवा मजकुरावरून काढता आलं, म्हणून.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. आईला ८३व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. आज ती ८७ वर्षांची आहे. कधी मला ओळखते, कधी मला स्वतःची धाकटी बहीण समजून गप्पा मारते. मोठ्या मावशीलाही ऐंशी ओलांडल्यावर हेच झालं. मामा तिघे, त्यांना काही झालं नाही. हल्ली मलाही बोलताना नेमका शब्द सापडत नाही. हा आजार '६० ते ८० टक्के आनुवंशिक' असतो असं वाचलं आणि झोप उडाली. म्हणजे मला होण्याची शक्यता ८० टक्के धरायची का?

उत्तर : मुळीच नाही. या आकड्याने फार लोकांची झोप उडवली आहे, म्हणून त्याचा आधी निकाल लावू. तो स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आला, २००६ साली. एखाद्या समाजात एकाला आजार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, तर या फरकातला किती भाग जनुकांमधल्या फरकामुळे असावा, एवढंच तो सांगतो. तुमच्या वाट्याला काय येईल याबद्दल त्यात अक्षरही नाही. ज्यांची जनुकं तंतोतंत सारखी असतात अशा जुळ्यांमध्येसुद्धा एकाला अल्झायमर झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, किंवा कित्येक वर्षं उशिरा झाला, असं दिसलेलं आहे.

तुमच्या कामाचे आकडे वेगळे आहेत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या लोकांची तब्येत १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या तपासली जाते. तिथला हिशोब असा, की पंचेचाळिशीतल्या बाईला उरलेल्या आयुष्यात अल्झायमर होण्याची शक्यता साधारण पाचात एक आणि पुरुषाला दहात एक. ही झाली सरासरी. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर धोका ढोबळमानाने दुप्पट होतो, असं आम्ही सांगत आलो. पण या 'दुप्पट'ला एक पुरवणी जोडायला हवी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथल्या दीर्घ अभ्यासात आईवडिलांना निदान कोणत्या वयात झालं हे पाहून मुलांची विभागणी केली. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना ऐंशीच्या आत आजार झाला, त्या मुलांचा धोका इतरांच्या अडीच पट निघाला. ज्यांच्या पालकांना ऐंशीनंतर झाला, त्यांचा धोका बाकीच्यांइतकाच. तुमची आई त्र्याऐंशी आणि मावशी ऐंशीपुढची. आता कळलं ना, मी वयासाठी का भांडते?

माझ्यासमोर कुणी असा प्रश्न घेऊन बसलं की मी एक कोरा कागद आडवा घेते आणि पेन्सिलीने घराण्याचा तक्ता काढते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी असेल ती आकृती काळी करायची, हयात नसेल तिच्यावर तिरकी रेघ मारायची. प्रत्येक आकृतीखाली दोन आकडे: विसर पडायला लागला तेव्हाचं वय, आणि माणूस गेला तेव्हाचं वय. दुसऱ्या आकड्याचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. 'वडिलांकडे कुणालाच नव्हतं' असं छातीठोकपणे सांगतात आणि तक्ता पाहावा तर वडिलांकडचा एकही चौकोन साठी ओलांडत नाही. सगळे हृदयविकाराने गेलेले. अशा घराला अल्झायमर नव्हता असं म्हणता येत नाही, त्याला यायला वेळच मिळाला नाही. तुमच्या पत्रावरून मी तक्ता काढला. दोन काळी वर्तुळं, दोन्हींखाली ऐंशीच्या पुढचे आकडे, शेजारी मामांचे तीन कोरे चौकोन. त्यांची वयं तुम्ही कळवली नाहीत, पण आहे एवढ्यावरूनही हे आनुवंशिक अल्झायमरचं घराणं वाटत नाही. माणसं दीर्घायुषी आहेत आणि दीर्घायुष्याबरोबर जे यायचं ते आलं, असा मी याचा अर्थ लावते. पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी या आजाराचं प्रमाण दुप्पट होत जातं. अमेरिकेतल्या अंदाजानुसार ६५ ते ७४ या वयात शंभरातल्या पाचांना तो असतो, ८५च्या पुढे तेहतिसांना. कोणतंही एक जनुक सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत वयाएवढं वजन टाकत नाही.

शब्द न सापडण्याचं म्हणाल, तर चोपन्नाव्या वर्षी, रजोनिवृत्तीच्या आगेमागे, झोप उडालेली असताना आणि घरात आजारी आई असताना तो सापडला असता तरच मी चकित झाले असते. शब्द उशिरा का होईना, आठवतो ना? मग आधी झोपेचं बघा. आणि रक्तदाब मोजून घ्या, आईचं करता करता स्वतःचा मोजायचा राहिला असणार.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी ३८ वर्षांचा आहे, दोन लहान मुलं आहेत. वडिलांना ४९व्या वर्षी नोकरीतले हिशोब जमेनासे झाले. आज ते ५५ वर्षांचे आहेत आणि त्यांना कपडे घालून द्यावे लागतात. अल्झायमर असं निदान आहे. आत्याला ४७-४८च्या सुमारास सुरू झालं, ती गेली. आजोबांना पन्नाशीत 'वेड लागलं' असं घरात सांगतात. मी तपासणी करून घ्यावी का? बायको म्हणते करा, आई म्हणते विषयच काढू नका.

उत्तर : तुमच्या पत्राला मी घाईने उत्तर देणार नाही, कारण तुमचा तक्ता वरच्या तक्त्यापेक्षा पार वेगळा आहे. दोन पिढ्यांतली तीन माणसं, तिघांचीही पन्नाशीच्या आसपास सुरुवात, त्यांत पुरुषही आणि स्त्रीही. आपण ज्याला एका नावाने अल्झायमर म्हणतो, त्यातला हा फार दुर्मीळ प्रकार असू शकतो.

गंमत अशी, की आजाराचा पहिला रुग्ण याच वयोगटातला होता. ऑगस्टे डेटर ही बाई १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. त्यानंतर कित्येक दशकं 'अल्झायमर' म्हणजे मध्यमवयातला विरळा आजार अशीच समजूत होती. म्हाताऱ्यांच्या विसराळूपणाला 'म्हातारचळ' म्हणून बाजूला ठेवलं जाई. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या मेंदुतज्ज्ञाने ठणकावून सांगितलं की सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकच दिसतात, तेव्हा दोन्हींना एकच म्हणा. ते योग्यच झालं. पण त्यातून एक गोंधळ उरला. चाळिशी-पन्नाशीतल्या घराणेदार आजाराचे नियम लोक ऐंशीतल्या आजाराला लावतात आणि उगाच घाबरतात. आणि उलटंही करतात.

घराणेदार प्रकारात आतापर्यंत तीन जनुकं सापडली आहेत: २१व्या गुणसूत्रावरचं एपीपी, १४व्यावरचं प्रेसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-२. यांतल्या एकातला ठरावीक बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आला, की आजार जवळपास अटळ असतो आणि प्रत्येक अपत्याकडे तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी. सगळ्या अल्झायमर रुग्णांत असे लोक शंभरात एकही भरत नाहीत. पहिलं जनुक हाती लागलं ते एका पत्रामुळे. इंग्लंडमधल्या कॅरल जेनिंग्ज या शिक्षिकेने ऐंशीच्या दशकात लंडनमधल्या संशोधकांना कळवलं, की माझ्या वडिलांना आणि त्यांच्या काही भावंडांना पन्नाशीतच हा आजार झाला आहे, तुम्हाला आमचा उपयोग होईल का. त्या कुटुंबाच्या रक्तावरून १९९१ मध्ये एपीपीमधला बिघाड सापडला. कॅरल यांनी स्वतःची तपासणी मात्र करून घेतली नाही. पुढे आजार त्यांनाही झाला. २०२४ मध्ये त्या गेल्या. ज्यांच्या घरामुळे तपासणी शक्य झाली त्यांनीच ती नाकारली, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. 'नको' हेही उत्तर असू शकतं, आणि ते पळपुटं नसतं.

आता कृतीचं बोलू. एक : तपासणी तुमच्यापासून सुरू करायची नाही. ती वडिलांपासून सुरू होते. त्यांच्या रक्तात या तीन जनुकांपैकी कशात बिघाड आहे का ते आधी पाहायचं. त्यांच्यात बिघाड सापडला नाही, तर तुमचा 'काही आढळलं नाही' असा रिपोर्ट कवडीमोलाचा, कारण शोधायचं काय हेच ठाऊक नसतं. आजोबांचं 'वेड' नेमकं काय होतं हेही बघावं लागेल. पन्नाशीत वागणं बिघडवणारे दुसरेही घराणेदार आजार आहेत, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आणि हंटिंग्टन हे त्यांतले दोन. घरात कुणाला आजोबांची सुरुवात आठवत असेल, तर आधी विसर पडू लागला, की आधी स्वभाव बदलला, की हातपाय वेडेवाकडे हलू लागले, हे विचारून लिहून ठेवा. वडिलांचा विषय काढायला आईची तयारी नसली तरी सासऱ्यांबद्दल बोलायला बहुधा असेल.

दोन : वडिलांमध्ये बिघाड निघाला तर तुमच्यापुढे निवड येईल, आणि ती जनुकीय समुपदेशकासमोर बसून करायची आहे. एका भेटीत होणारं हे काम नाही. रिपोर्ट तयार झाल्यावरही 'मला ऐकायचा नाही' असं म्हणायचा तुम्हाला अधिकार असतो. मुलांची तपासणी ती सज्ञान होईपर्यंत करत नाहीत. हा नियम चांगला आहे आणि कुणी गळ घातली तरी मोडू नका. आणखी मूल हवं असेल तर बिघाड नसलेला भ्रूण निवडण्याची सोय विज्ञानात आहे, तीही याच बैठकीत विचारा.

तीन : अशा घराण्यांवरचं संशोधन थांबलेलं नाही. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात सुमारे सहा हजार माणसांचं एक विस्तारित घराणं आहे, त्यांत प्रेसेनिलिन-१चा एकच बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. तिथल्या लोकांना चव्वेचाळिशीच्या आसपास त्रास सुरू होतो. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरने सारी कारकीर्द त्यांच्यात घालवली. त्याच घराण्यातल्या एका बाईंना तो बिघाड असूनही सत्तरीपर्यंत विसर पडला नाही. मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचत जाणारं प्रथिन, ठासून भरलेलं, पण टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा पसारा फारच थोडा. एपीओई या दुसऱ्याच जनुकाच्या दोन्ही प्रतींत त्यांना एक दुर्मीळ बदल मिळालेला होता, आणि तोच ढालीसारखा उपयोगी पडला असावा, असं २०१९ मध्ये संशोधकांनी मांडलं. त्या बदलाची नक्कल करणारं औषध करता येईल का, यावर काम चालू आहे. आशा दाखवायची म्हणून हे लिहीत नाही. अटळ म्हटलेल्या जनुकालाही अपवाद सापडला, एवढं तुम्हाला माहीत असावं.

बायको आणि आई यांच्या मतांत तुम्ही अडकला आहात. तपासणी तुमची आहे. पण पैसे, नोकरी, घराची व्यवस्था, आयुर्विमा यांचा विचार रिपोर्टच्या आधी करायचा असतो, नंतर नाही. तेवढं दोघींनाही सांगा.

प्रश्न : हाय डॉक्टर! वय ३३. पूर्वज कोण ते कळावं म्हणून थुंकीची तपासणी केली, त्यात 'एपीओई ४/४' निघालं. इंटरनेटवर वाचून हातपाय गार पडले. आईवडील साठीत आहेत, ठणठणीत आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : पूर्वज शोधायला गेलात आणि भविष्य हाती आलं! ते तपासणी-संच विकणाऱ्यांनी निदान 'हे पान उघडायचं का?' असं ठळक अक्षरांत विचारायला हवं. जेम्स वॉटसन यांनी, डीएनएची रचना उलगडणाऱ्या त्याच वॉटसन यांनी, २००७ मध्ये स्वतःचा सगळा जनुकसंच जगापुढे ठेवला, फक्त एक जागा सोडून. एपीओई मला सांगू नका, म्हणाले. त्यांच्या आजीला अल्झायमर होता.

तुमच्या रिपोर्टातली ती एक ओळ वाचून दाखवते. एपीओई हे मेंदूत कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ वाहून नेणारं प्रथिन आहे, २९९ दुव्यांची साखळी. त्यातल्या ११२व्या दुव्याच्या जागी बहुतेकांत सिस्टीन असतं, तो झाला प्रकार ३. तिथे आर्जिनिन असेल तर प्रकार ४. फरक एका दुव्याचा, पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की ४ची प्रत जितकी जास्त, तितका धोका जास्त आणि आजाराचं वय अलीकडे. एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. प्रकार २ मात्र उलट संरक्षण देतो. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात दोघा-तिघांकडे तुमच्यासारख्या दोन प्रती असतात. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात ४/४ असलेल्या जवळपास सगळ्यांच्या पाठीच्या पाण्यात पासष्टीपर्यंत अमायलॉइडच्या खुणा दिसल्या. तुम्ही बहुधा हेच वाचून गार पडलात. पण खुणा दिसणं आणि माणूस आजारी पडणं यांत वर्षानुवर्षांचं अंतर असतं, आणि ४/४ घेऊन ऐंशी पार करून सुखरूप राहिलेली माणसंही आहेत. मागच्या पत्रातली तीन जनुकं फैसला सुनावणारी होती. हे तसं नाही. हे धोका वाढवतं. बराच वाढवतं, त्यात मी पाणी घालणार नाही.

आणखी एक मोठं 'पण' आहे. हे पटींचे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. नायजेरियातल्या इबादान शहरातले योरुबा वृद्ध आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधले आफ्रिकी वंशाचे वृद्ध यांची एकाच पद्धतीने वर्षानुवर्षं तपासणी झाली. इबादानमध्ये वर्षाला शंभरात १.१५ जणांना नव्याने अल्झायमर होई, इंडियानापोलिसमध्ये २.५२ जणांना. योरुबांमध्ये प्रकार ४ भरपूर, तरी आजाराशी त्याचं नातं अगदीच पुसट. उलट जपानी लोकांत हेच नातं युरोपीयांपेक्षा घट्ट दिसलं. जनुक तेच, पण त्याच्या शेजारची बाकी जनुकं वेगळी, जगणं वेगळं, तर परिणामही वेगळा. तेव्हा संकेतस्थळावरचं ते रंगीत वर्तुळ आणि त्यातली टक्केवारी स्वतःला जशीच्या तशी चिकटवून घेऊ नका. घरबसल्या केलेली तपासणी रुग्णालयाच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घेतल्याशिवाय तर तिच्यावर विसंबूच नका.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. हा रिपोर्ट एकट्या तुमचा नाही. दोन प्रती आहेत म्हणजे एक आईची, एक वडिलांची. दोघांकडेही प्रकार ४ किमान एकेक आहे, हे त्यांना न विचारता तुम्हाला कळलं. भावंडं असतील तर प्रत्येकाला ४/४ असण्याची शक्यता निदान चारात एक. तुम्हाला मूल झालं तर त्याला एक प्रत नक्की जाणार. म्हणून आईवडिलांना 'तुमच्या जनुकात हे आहे' अशी बातमी देऊ नका. 'माझ्याकडे एक माहिती आली आहे, तिचा तुमच्याशीही संबंध आहे, ऐकायची आहे का?' असं विचारा. त्यांनी नको म्हटलं तर तोंड बंद ठेवा.

एका अभ्यासात प्रकार ४ असलेल्या धडधाकट वृद्धांपैकी काहींना तसं सांगितलं आणि काहींना अंधारात ठेवलं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिलेच, शिवाय स्मरणशक्तीच्या एका चाचणीत ते खरोखरच मागे पडले. जनुक दोघांचं सारखंच. तेव्हा आजपासून किल्ली सापडली नाही की 'झालं सुरू' म्हणायची सवय लावून घेऊ नका. रिपोर्ट फाडून टाकायचाही नाही, कारण लेकानेमॅब, डोनानेमॅब ही नवी औषधं देण्याआधी एपीओई पाहावंच लागतं. ४/४ असणाऱ्यांत त्यांच्यामुळे मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. ती औषधं लक्षणं सुरू झालेल्यांसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. तेहतिसाव्या वर्षी तुमच्या उपयोगाची ती रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची तपासणी. ही दोन दुखणी मध्यमवयातच मेंदू पोखरू लागतात आणि दोन्हींवर जुनी, स्वस्त औषधं आहेत.

प्रश्न : अल्झायमर बायकांनाच जास्त का होतो? त्या जास्त काळजी करतात म्हणून का?

उत्तर : पत्रलेखक पुरुष आहेत, हे मी नोंदवून ठेवते. अमेरिकेतले दोनतृतीयांश रुग्ण स्त्रिया आहेत. मोठं कारण साधं आहे, बायका जास्त जगतात. त्याखेरीज प्रकार ४ची एक प्रत असलेल्या बाईला ६५ ते ७५ या दहा वर्षांत तसल्याच पुरुषापेक्षा धोका जास्त दिसतो. तिसरं, आज ऐंशीच्या घरात असलेल्या बायकांच्या पिढीला जगात बऱ्याच ठिकाणी शाळाच कमी मिळाली, आणि कमी शिक्षण हा स्वतंत्र धोका आहे. काळजीचं म्हणाल तर ती त्यांच्यावर टाकतं कोण, हेही एकदा पाहा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१. शिकलेल्या माणसाला हा आजार होत नाही, हे खरं ना? रोज दोन शब्दकोडी सोडवतो. संस्कृत सुभाषितं पाठ आहेत. टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो म्हणून घरचे ओरडतात, एवढीच काय ती तक्रार.

उत्तर : सर, सपशेल खोटं नाही, पण खरंही नाही. अमेरिकेत १९८६ पासून एका कॅथलिक पंथाच्या ६७८ जोगिणींवर (नन्सवर) अभ्यास झाला. सगळ्यांचं राहणं, खाणं, दिनक्रम जवळपास सारखा. त्यांनी विशी-बाविशीत लिहिलेली छोटी आत्मचरित्रं मठाच्या दप्तरात जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी होती, त्यांना पुढे साठ वर्षांनी अल्झायमर कमी झाला. एकीचं तर १०१व्या वर्षापर्यंत डोकं शाबूत होतं आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूत अल्झायमरच्या गाठी आणि गुंतवळी भरपूर. म्हणजे शिक्षणाने आजार येणं थांबलं नाही, तो वर्षानुवर्षं सोसता आला. त्याची दुसरी बाजू अशी, की शिकलेल्या माणसात लक्षणं उशिरा दिसतात, आणि दिसतात तेव्हा आतला आजार बराच पुढे गेलेला असतो. हुशार माणसं चाचणीत पास होत राहतात आणि घरचे 'सर कसले विसरतायत' म्हणत राहतात.

कोडी सोडवा, छान आहे. तुमच्या पत्रातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग टीव्हीचा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. सगळी आयुष्यभर दूर ठेवता आली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज. त्यात सगळ्यात जड दोन: मध्यमवयापासूनचं ऐकू कमी येणं आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या लोकांना श्रवणयंत्रं देऊन तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक पडला नाही. पण ज्यांना हृदयाचे आणि इतर धोके आधीच जास्त होते, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. तेव्हा कान तपासून घ्या आणि यंत्र सांगितलं तर खिशात न ठेवता कानात ठेवा. निवृत्त शिक्षक यात फार अडून बसतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, वय ४१. आईवडील गेल्यावर तो माझ्याकडे असतो. गेल्या काही महिन्यांत हट्टी झालाय, गाण्याच्या वर्गाला जायला नको म्हणतो, शर्टाची बटणं लावताना थांबतो. डॉक्टर म्हणाले, 'अशा मुलांचं असंच असतं.' ताई, तुम्हीही असंच म्हणाल का?

उत्तर : नाही म्हणणार. एक्केचाळिसाव्या वर्षी तो 'मुलगा' नाही, आणि बदल झाला असेल तर त्याला कारण असतं.

आधी धोक्याचं स्पष्ट सांगते, कारण अनेक कुटुंबांना हे कुणी सांगतच नाही. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, आणि अमायलॉइडचं मूळ असलेलं एपीपी जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे जन्मभर अमायलॉइड जास्त तयार होतं. चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत त्याचे थर असतात. लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आगेमागे येतात. सगळा दोष त्याच एका जनुकाच्या जादा प्रतीचा, हे दोन वेगळ्या गोष्टींवरून पटतं. १९९८ मध्ये ७८ वर्षांच्या एका बाईंची नोंद झाली. त्यांना डाऊन सिंड्रोम होता, पण जादा तुकड्यात एपीपी नव्हतं, आणि अल्झायमरही नव्हता. २००६ मध्ये फ्रान्समधली काही कुटुंबं सापडली, त्यांना डाऊन सिंड्रोम नव्हता, फक्त एपीपीची जादा प्रत होती, आणि अल्झायमर कमी वयातच होत होता.

म्हणजे तुमच्या भावाला सुरू झाला का? एवढ्यावरून सांगता येत नाही, आणि घाईने तसा शिक्का मारणं ही 'असंच असतं' म्हणण्याइतकीच मोठी चूक. हट्टीपणा, माणसांपासून दूर राहणं, नेहमीच्या कामात अडखळणं ही या लोकांत अल्झायमरची पहिली चिन्हं असू शकतात. विसर मागाहून लक्षात येतो. पण नेमकी हीच चिन्हं थायरॉइड मंदावल्यावर दिसतात, आणि डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड फार जणांचा बिघडतो. तसंच मोतीबिंदू, कानात साचलेला मळ, कमी झालेलं ऐकू येणं, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणं, आईवडिलांच्या जाण्याचं दुःख. बटणाशी थांबतो तो दिसत नाही म्हणून की पुढे काय करायचं ते सुचत नाही म्हणून, हे शेजारी बसून बघा. मोठ्या बटणांचा शर्ट दिला की जमतं का? जमलं तर आधी डोळ्यांचा डॉक्टर.

मोबाइलवर त्याचा छोटा व्हिडिओ काढा: शर्ट घालताना, बूट बांधताना, आज वार कोणता ते सांगताना, आवडीचं एखादं गाणं म्हणताना. दर सहा महिन्यांनी तेच प्रसंग, त्याच क्रमाने. त्याची तुलना दुसऱ्या कुणाशी करून उपयोग नाही, त्याच्या स्वतःच्या कालच्या रूपाशीच करायला हवी. आणि 'असंच असतं' म्हणणाऱ्या डॉक्टरसमोर ठेवायलाही हे कामी येतं. यापूर्वी कधी नव्हता असा फिटचा झटका आला, तर मात्र सहा महिन्यांची वाट न पाहता मेंदुतज्ज्ञाकडे न्या. आणि या आठवड्यात थायरॉइड व बी-१२साठी रक्त द्या.